मूर्ती पॅरिसला, साचा गावाला

एजियन समुद्रातील मेलोस बेटावर प्लाका नावाचे टेकडीवरचे एक लहानसे गाव आहे. तेथील वस्तुसंग्रहालयाच्या दारातून आत पाऊल टाकताच जी स्त्रीमूर्ती सामोरी येते, ती साऱ्या जगाच्या ओळखीची आहे. दोन्ही बाहू नाहीसे झालेले, कमरेवरचे वस्त्र सैलावलेले, अंग किंचित वळलेले. कलेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हिचे चित्र सापडेल. मात्र प्लाका येथे उभी असलेली मूर्ती खरी नव्हे. ती प्लॅस्टरची आहे. खरी मूर्ती, जिला जग ‘व्हीनस दी मिलो’ म्हणते, ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. जिच्या नावात ज्या बेटाचे नाव गुंफले गेले, त्या बेटाच्या वाट्याला तिची नक्कल आली.

1820 च्या एप्रिल महिन्यात या बेटावरील एक शेतकरी बांधकामासाठी दगड शोधीत असता ही मूर्ती त्याच्या हाती लागली. मेलोस तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होते. बंदरात फ्रेंच आरमाराची जहाजे होती, त्यांवरील अधिकारी जुन्या मूर्तींचे शौकीन होते आणि तुर्की दरबारातील फ्रेंच वकिलाच्या हाती पैसा होता. वर्षभराच्या आत मूर्ती अठराव्या लुईच्या चरणी रुजू झाली. तिच्याबरोबर पायथ्याचा एक शिलाखंडही पॅरिसला पोहोचला होता व त्यावर मूर्तिकाराचे नाव कोरलेले होते. ते नाव प्रॅक्सिटेलीझसारख्या विख्यात कलावंताचे नव्हते, अँटिऑकहून आलेल्या कोणा अलेक्झांड्रोसचे होते. मूर्ती अभिजात काळातीलच असावी असा ज्यांचा आग्रह होता त्यांना हे नाव गैरसोयीचे होते. तो शिलाखंड पुढे लूव्रमध्येच नाहीसा झाला. त्याचे एक रेखाचित्र तेवढे उरले आहे. ‘आमच्याकडे वस्तू अधिक सुरक्षित राहतात’ असे मोठी संग्रहालये नेहमी सांगत आली आहेत. ते ऐकताना हा शिलाखंड आठवल्यावाचून राहत नाही.

प्लाकाच्या त्या संग्रहालयात एक खरीखुरी मानकरीण आहे, पण तिच्याकडे प्रवाशांचे फारसे लक्ष जात नाही. फिलाकोपी या प्राचीन वस्तीतील देवालयाचे उत्खनन कॉलिन रेन्फ्र्यू या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने केले, तेव्हा 1977 मध्ये ही मातीची मूर्ती सापडली. कुंभाराच्या चाकावर घडविलेला घागऱ्यासारखा गोल घेर, त्यावर निमुळते धड, रंगविलेले मोठे डोळे आणि काहीशी आश्चर्यचकित मुद्रा असे तिचे रूप आहे. उंची हातभर. वय सुमारे तेहतीसशे वर्षे. म्हणजे व्हीनसपेक्षा ही हजार वर्षांहून अधिक वडील. ती कोणत्या खोलीत, कोणत्या थरात, कोणत्या वस्तूंच्या शेजारी सापडली याची नोंद आहे. व्हीनसच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. सौंदर्यात ती व्हीनसची बरोबरी करणार नाही. पण आपल्या गावाविषयी विचारले असता तीच अधिक बोलते.

मेलोस ज्या द्वीपसमूहात मोडते त्याचे नाव सिक्लाडीझ. डेलॉस या पवित्र बेटाभोवती कडे करून बसलेली बेटे, असा त्याचा अर्थ. ‘किक्लोस’ म्हणजे वर्तुळ. आपला ‘चक्र’ हा शब्द आणि हा ग्रीक शब्द एकाच मूळ धातूची लेकरे आहेत. नाक्सोस, पारोस, मिकोनोस, थेरा ही त्यांतील ठळक नावे. बेटे उघडी, खडकाळ, वाऱ्याने झोडपलेली. पाऊस तुटपुंजा, झाडी विरळ. पण निसर्गाने येथे दगडांच्या बाबतीत मात्र हात सैल सोडला. मेलोसला ज्वालामुखीतून निघालेली काळी काच, ऑब्सिडियन. तिच्या पात्यांची धार वस्तऱ्यासारखी असते. ग्रीसच्या मुख्य भूमीवरील फ्रांख्थी गुहेत हे मेलोसचे ऑब्सिडियन शेतीच्या उदयापूर्वीच्या थरांत सापडले आहे. माणसाने नांगर हाती घेण्यापूर्वी होडी हाती घेतली होती, याचा तो पुरावा. नाक्सोस आणि पारोस येथे शुभ्र संगमरवर; शिवाय नाक्सोसला एमरी, म्हणजे आपल्याकडील कुरुंदाच्या जातीचा कठीण दगड. संगमरवर घासण्यास याहून चांगले साधन नाही. घडविण्याचा दगड आणि तो घासण्याचा दगड एकाच बेटावर मिळावा, हा योग दुर्मिळच म्हटला पाहिजे.

या योगातून इसवी सनापूर्वी सुमारे 3200 ते 2000 या काळात ज्या मूर्ती निर्माण झाल्या, त्या आज जगभरच्या संग्रहालयांचे भूषण आहेत. बहुतेक मूर्ती स्त्रियांच्या. हात छातीखाली घडी घातलेले, चेहरा ढालीसारखा सपाट आणि त्यावर केवळ नाक. डोळे नाहीत, तोंड नाही. बहुतेक वीत-दीड वीत उंचीच्या. पण पुरुषभर उंचीच्याही काही आढळल्या आहेत. पाऊले खाली वळलेली असल्यामुळे त्या उभ्या राहू शकत नाहीत. संग्रहालयात त्या उभ्या दिसतात, त्या आधारावर टेकवलेल्या असतात म्हणून. घडविणाऱ्याने त्या बहुधा आडव्या ठेवण्यासाठीच घडविल्या असाव्यात. आणि डोळे नाहीत असे जे म्हटले, तेही अर्धसत्यच. बारकाईने पाहता कित्येक मूर्तींवर तांबड्या व निळ्या रंगाचे अवशेष सापडले आहेत: रंगविलेले डोळे, केस, गालांवरील ठिपके. आपल्या ग्रामदेवतेच्या शिळेवर शेंदूर चढतो, चांदीचे डोळे बसतात आणि मग दगडाचा देव होतो. उद्या पाच हजार वर्षांनी तो शेंदूर झडून गेला आणि कोणी त्या शिळेच्या ‘निराकार साधेपणा’वर निबंध लिहिला, तर आपण काय म्हणू? सिक्लाडीझच्या मूर्तींचे असेच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रांकुशी, मोदिल्यानी, पिकासो आदी कलावंतांना त्यांच्या शुभ्र, निर्मळ आकारांची भुरळ पडली. एकोणिसाव्या शतकातील विद्वानांनी ज्यांना कुरूप ठरविले होते, त्याच मूर्ती आता आधुनिक कलेच्या पणज्या ठरल्या.

कीर्तीबरोबर भाव वाढला आणि भावाबरोबर कुदळी आल्या. 1950 नंतरच्या दोन दशकांत या बेटांवरील प्राचीन दफनभूमी रात्रीच्या अंधारात उकरल्या गेल्या. बेटे गरीब होती; एका मूर्तीचे जे पैसे दलालाकडून हाती पडत, त्यांत शेतकऱ्याचे काही महिने निघत. दलाल ती अथेन्सला, तेथून स्वित्झर्लंडला, तेथून न्यूयॉर्कला पोहोचवी आणि दर मुक्कामास किमतीपुढे शून्ये वाढत. आज परदेशी संग्रहांत असलेल्या पुष्कळ मूर्तींविषयी ‘सिक्लाडीझ, संगमरवर’ यापलीकडे काही सांगता येत नाही. कोणत्या बेटाची, कोणाच्या थडग्यातली, बाईच्या की मुलाच्या, शेजारी काय होते, हे सारे त्या रात्रीच संपले. त्यांत नव्याने बनविलेल्या मूर्तीही मिसळल्या आहेत आणि खऱ्या-खोट्याची पारख करणे तज्ज्ञांनाही कठीण जाते.

केरोस या लहानशा बेटाची कथा या संदर्भात मुद्दाम सांगण्याजोगी आहे. 1963 मध्ये रेन्फ्र्यू, तेव्हा ते विद्यार्थीच होते, तेथे गेले असता त्यांना एका उतारावर उकरलेली जमीन आणि तिच्यावर इतस्ततः पडलेले मूर्तींचे व संगमरवरी भांड्यांचे तुकडे दिसले. चोर आधीच येऊन गेले होते. त्याच वर्षी ख्रिस्तोस डूमास या ग्रीक संशोधकाने तेथे उत्खनन केले, पुढे इतरांनीही केले. पण मुख्य प्रश्न सुटेना. सारे तुकडेच का? चोरांनी फोडले म्हणावे, तर चोर विकाऊ वस्तू कशाला फोडील? उत्तर मिळण्यास चाळीस वर्षे लागली. 2006 ते 2008 या काळात रेन्फ्र्यू पुन्हा केरोसवर आले, आता केंब्रिजचे ज्येष्ठ प्राध्यापक म्हणून, आणि पहिल्या जागेपासून थोड्या अंतरावर त्यांना चोरांचा हात न लागलेली दुसरी जागा सापडली. तेथेही तुकडेच होते. परंतु आता त्यांचा अभ्यास करता आला. तुकडे एकमेकांस जुळत नव्हते. मूर्ती येथे फोडलेल्याच नव्हत्या! त्या इतरत्र, बहुधा निरनिराळ्या बेटांवर, बुद्ध्या फोडून त्यांचा एकेक तुकडा होडीने येथे आणला जाई आणि भक्तिपूर्वक पुरला जाई. इसवी सनापूर्वी 2750 ते 2300, म्हणजे चारशेहून अधिक वर्षे हे चालले होते.

आपल्याकडे खंडित मूर्ती पूजेत ठेवीत नाहीत. तिचे नदीत विसर्जन करतात. केरोसला येणाऱ्या त्या नावाड्यांच्या मनात काही अशीच भावना होती की काय, हे कळण्यास मार्ग नाही. फरक हा की आपण भंगलेली मूर्ती सोडतो आणि ते मूर्ती भंगून आणीत. पण एक गोष्ट निश्चित. ती दुसरी जागा चोरांना सापडली असती, तर हा सारा विधी मानवजातीच्या स्मृतीतून कायमचा पुसला गेला असता. तुकडे मात्र काचेच्या कपाटांत सुखरूप राहिले असते. संग्रह करणे आणि जाणून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे याहून स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकास ठाऊक नाही.

नाक्सोसच्या मुख्य गावातील किल्ल्यात जे वस्तुसंग्रहालय आहे, तेथे या काळातील मूर्तींचा व भांड्यांचा फार मोलाचा संग्रह आहे. त्याची इमारत पूर्वी शाळा होती; पुढे थोर कादंबरीकार झालेले निकोस काझांतझाकिस बालपणी क्रीटमधील बंडाळीमुळे कुटुंबासह नाक्सोसला आले असता येथील फ्रेंच धर्मगुरूंच्या शाळेत शिकले. शाळामास्तराच्या मनाला ही गोष्ट सुखवून जाते, एवढ्यासाठीच ती येथे नोंदविली. पण खरे सांगावयाचे तर माझे मन या संग्रहालयापेक्षा त्याच बेटावरील आपिरांथोस नावाच्या डोंगरगावातील चिमुकल्या संग्रहालयातच अधिक रमते. हे गाव एमरीच्या खाणकामगारांचे. 1941 मध्ये अथेन्सच्या अॅक्रोपोलिसवरील नाझी ध्वज रात्री उतरविणाऱ्या दोघा तरुणांपैकी मानोलिस ग्लेझोस याच गावचे. पुराणवस्तूंची लूट ऐन भरात असताना मिखालिस बार्दानिस या गणितज्ञाने येथे एक साधी गोष्ट केली. शेतात, बांधावर, कुंपणाच्या दगडांत जे जे जुने सापडेल ते दलालाला न देता गावासाठी द्यावे असे त्यांनी लोकांस विनविले आणि लोकांनी ते ऐकले. त्यातून हे संग्रहालय उभे राहिले.

तेथे मूर्ती आहेत, भांडी आहेत; पण सर्वांत अपूर्व आहेत त्या ओबडधोबड दगडी पाट्या. टोकदार दगडाने ठोकून ठोकून त्यांवर चित्रे काढली आहेत: शिकारी, जनावरे, माणसे, होडी. कॉर्फी त आरोनिऊ या डोंगरमाथ्यावरील जागेतून त्या आल्या. लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारात त्यांना कोणी फारसे विचारले नसते, कारण त्या ‘सुंदर’ नाहीत. पण पाच हजार वर्षांपूर्वी या डोंगरावरच्या माणसाने आपले जग स्वतःच्या हाताने कोरले आणि ते आज त्याच डोंगरात पाहावयास मिळते. बाजार ज्याची किंमत करीत नाही ते जतन करणे, हे लहान संग्रहालयाचेच काम. मोठ्या संग्रहालयाला निवड करावी लागते. गावचे संग्रहालय जे आहे ते ठेवते.

याच बेटावर अशीही एक पुराणवस्तू आहे की जिला कोणतेच संग्रहालय सामावून घेऊ शकत नाही. उत्तर किनाऱ्यावरील आपोलोनास येथील खाणीत साडेदहा मीटरांची एक अपुरी मूर्ती सव्वीसशे वर्षे पाठीवर पडून आहे. दाढी, खांदे, पाऊले यांचा केवळ आकार उमटला आहे. काम का थांबले याविषयी तर्क पुष्कळ आहेत. आपल्या अजिंठ्यातील अपुऱ्या लेण्यांत छिन्नीचे घाव पाहताना जी हुरहुर वाटते, तीच येथेही वाटत असणार.

पारोस बेटाकडे वळले की वाटणीचा प्रश्न वेगळ्याच रूपात सामोरा येतो. इसवी सनापूर्वी 264-63 या वर्षापर्यंतचा ग्रीकांचा सारा इतिहास, राजांची नावे, युद्धे, कवींचे जन्ममृत्यू, असा सालवार जंत्रीच्या रूपाने तेथे एका संगमरवरी शिळेवर कोरलेला होता. या शिळेचे मोठे खंड 1627 मध्ये लंडनला अरुंडेलच्या उमरावाकडे पोहोचले. जॉन सेल्डन या पंडिताने ते वाचून लगोलग छापले, हे जगावर मोठेच उपकार झाले. कारण पुढे इंग्लंडातील यादवीच्या धामधुमीत वरचा भाग नष्ट झाला. घरातील शेगडीच्या दुरुस्तीत तो वापरला गेला असे सांगतात. उरलेला भाग आज ऑक्सफर्डच्या अॅश्मोलियन संग्रहालयात आहे. आणि 1897 मध्ये त्याच शिळेचा आणखी एक खंड पारोसवरच सापडला. तो तेथील वस्तुसंग्रहालयात आहे. एक वाक्य इंग्लंडात, पुढचे वाक्य ग्रीसमध्ये.

अर्थात न्यायाच्या तराजूचे दुसरे पारडेही पाहिले पाहिजे. बेटांवरील लोकांनी आपला ठेवा नेहमीच जपला असे नाही. शतकानुशतके संगमरवरी मूर्ती भट्टीत भाजून चुना केला गेला. डेलॉसची देवळे शेजारच्या बेटांवरील घरांसाठी दगडांची खाण ठरली. आपल्याकडे वीरगळावर धुणी धुतली जातात आणि शिलालेख उंबऱ्यात बसतात, तसेच हे. म्हणून परदेशी संग्राहकांना सरसकट चोर म्हणणे मला योग्य वाटत नाही. परंतु ग्रीस स्वतंत्र झाल्यावर त्या देशाने जी तत्परता दाखविली तिची नोंद त्याच निष्पक्षपणे व्हावयास हवी. 1829 मध्ये, देशाच्या सीमाही ठरल्या नव्हत्या तेव्हा, कापोदिस्त्रियास यांनी ईजिना बेटावर पहिले राष्ट्रीय वस्तुसंग्रहालय स्थापिले. त्याच ईजिनावरील आफाइया देवीच्या मंदिराची शिल्पे 1811 मध्ये परकीयांनी खणून काढली होती आणि ती आजही म्यूनिकला आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे या घाईचे कारण कळते. पाठोपाठ 1834 च्या कायद्याने देशातील सर्व पुराणवस्तू पूर्वजांची निर्मिती म्हणून समस्त ग्रीकांची राष्ट्रीय मालमत्ता ठरल्या. आपल्याकडील निखात निधी कायदा 1878 चा. तोही इंग्रजांचा.

मिकोनोस हे नाव आता पंचतारांकित चैनीशी जोडले गेले आहे. रात्रभर जागणाऱ्या त्या बेटाच्या बंदराजवळ एक शांत संग्रहालय आहे आणि त्याचा जन्म एका विलक्षण घटनेतून झाला. अपोलोचे जन्मस्थान मानलेल्या डेलॉस बेटाची ‘शुद्धी’ करण्याचे अथेन्सने इसवी सनापूर्वी 426 मध्ये ठरविले. बेटावरील सारी थडगी उकरून त्यांतील अस्थी व वस्तू समोरच्या रेनिया बेटावर हलविण्यात आल्या. यापुढे डेलॉसवर कोणी जन्मू नये, कोणी मरू नये असा दंडक झाला. आसन्नमरण माणसाला व दिवस भरलेल्या स्त्रीला होडीत घालून पलीकडे नेत. इतिहासकार थ्युसिडिडीझ सांगतो की उकरलेल्या थडग्यांतील शस्त्रे आणि पुरण्याची रीत पाहून, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत कारियन लोकांचे आहेत हे ओळखता आले. जमिनीतून निघालेल्या वस्तूंवरून गतकालीन लोकांची ओळख पटविण्याचे हे बहुधा पहिलेच लिखित उदाहरण. रेनियावरचा तो खड्डा 1898 मध्ये स्ताव्रोपूलोस यांना सापडला आणि त्यातील भांड्यांसाठी पुढील काही वर्षांतच मिकोनोसचे संग्रहालय बांधण्यात आले.

तथापि ज्याने हे पाहिले त्याला विसरता येणार नाही, असा या संग्रहालयातील ऐवज म्हणजे 1961 मध्ये मिकोनोसवरच सापडलेला एक मातीचा रांजण. छातीभर उंच, इसवी सनापूर्वी सुमारे 670 चा. त्याच्या गळ्यावर ट्रॉयचा लाकडी घोडा आहे. पायांना चाके लावलेला. घोड्याच्या अंगावर लहान लहान खिडक्या, प्रत्येकीतून योद्ध्याचे मुंडके डोकावते आहे. या प्रसंगाच्या जुन्यात जुन्या चित्रणांत याची गणना होते. येथवर सारे गमतीचे वाटते, एखाद्या मुलाच्या चित्राच्या वहीतले. मग नजर खाली, रांजणाच्या पोटावर येते. तेथे चौकटी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत एक सैनिक, एक स्त्री आणि एक मूल. कोठे आईच्या हातून मूल ओढून घेतले जात आहे, कोठे तलवार उगारलेली आहे, कोठे आईने हात पसरले आहेत. जिंकणाऱ्यांच्या शौर्याची गाथा गाणाऱ्या समाजात एका कुंभाराने जिंकल्यानंतर काय होते ते मातीवर उमटविले. होमरची महाकाव्ये आकार घेत होती त्याच्या आसपासचाच हा काळ. छायाचित्रांत तरी ज्यांना शक्य असेल त्या वाचकांनी तो रांजण अवश्य पाहावा.

डेलॉसविषयी थोडक्यात एवढेच की तेथे आजही गाव नाही. पहारेकरी व पुरातत्त्वज्ञ यांचीच वस्ती. तेथील नाक्सियन सिंहांच्या ओळीतील मूळ मूर्ती वारा व खाऱ्या हवेपासून वाचविण्यासाठी 1999 मध्ये संग्रहालयात हलविल्या. बाहेर प्रतिकृती आहेत. त्या कळपातला एक सिंह पूर्वीच व्हेनिसला गेला व तेथील आरमारी गोदीच्या दाराशी बसला आहे.

शेवटी थेरा, म्हणजे सँटोरिनी. 1860 च्या दशकात सुएझ कालव्याच्या बांधकामास लागणारी ज्वालामुखीची राख येथून खणून नेत असता राखेखाली भिंती दिसू लागल्या. परंतु अक्रोतिरी येथील प्राचीन नगर खऱ्या अर्थाने उजेडात आले ते स्पिरिदोन मारिनातोस यांनी 1967 मध्ये आरंभिलेल्या उत्खननाने. साडेतीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या भीषण उद्रेकात गाडले गेलेले हे नगर. दुमजली-तिमजली घरे, फरसबंदी रस्ते, सांडपाण्याची व्यवस्था आणि घरोघरी भिंतीवर चित्रे. मानवी सांगाडे मात्र सापडले नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध होऊन लोक निघून गेले असावेत. लाकूड कुजून राखेत ज्या पोकळ्या राहिल्या होत्या त्यांत प्लॅस्टर ओतून पलंग, तिवया पुन्हा उभ्या करण्यात आल्या. मारिनातोस यांचा 1974 मध्ये उत्खननाच्या जागीच अपघाती मृत्यू झाला आणि पुढील कार्य केरोस गाजविणाऱ्या डूमास यांनी चालविले. 2005 मध्ये नव्या छपराचा भाग कोसळून एक प्रवासी दगावला आणि ते स्थळ 2012 पर्यंत बंद राहिले. अवशेष सांभाळणे हे काम किती जोखमीचे असते, याची कल्पना त्यावरून यावी.

हजारो कपच्या जुळवून सिद्ध केलेली ही भित्तिचित्रे प्रथम अथेन्सला गेली. वसंतऋतूचे चित्र, मुष्टियुद्ध खेळणारी मुले, हरणांची जोडी आजही तेथेच आहेत. बेटावर त्यांच्यासाठी योग्य वास्तू नव्हती हे खरे. पण वास्तू बांधण्यास 2000 साल का उजाडावे लागले? त्या वर्षी फिरा या गावी प्रागैतिहासिक थेराचे संग्रहालय उघडले. आदल्याच वर्षी सापडलेला वीतभरही नसलेला सोन्याचा रानबोकड तेथे आहे. आणि ज्याच्याशी आपलाही काही संबंध लागू शकेल असे निळ्या माकडांचे चित्र तेथे आहे.

खडकांवर चढणारी ही माकडे आफ्रिकेतील असावीत असेच दीर्घकाळ मानले जात होते, कारण इजिप्तशी त्या लोकांचे दळणवळण होते. पण 2020 मध्ये ‘प्रायमेट्स’ या शास्त्रीय नियतकालिकात कलेतिहास व प्राणिशास्त्र या दोन्ही क्षेत्रांतील अभ्यासकांनी मिळून असे प्रतिपादिले की वर उचलून वळविलेल्या त्यांच्या लांब शेपट्या पाहता ही लंगूर जातीची असावीत. म्हणजे चित्रकाराने, किंवा त्याने ज्याचे चित्र पाहिले त्याने, सिंधूच्या मुलखातील प्राणी पाहिलेला असावा. मराठीला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. तांबड्या तोंडाचे ते माकड आणि काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर, हे खेड्यातले पोरही सांगते. हे मत सर्वमान्य झालेले नाही; शेपटीवरून एवढे मोठे अनुमान काढू नये, ही आफ्रिकेतीलच माकडे होत, असा प्रतिवादही लगेच झाला. निर्णय तज्ज्ञांनी करावा. पण थेराच्या भिंतीवर हनुमंताचा गोतावळा खेळत असण्याची शक्यता आपल्याला सुखावते, हे कबूल करावयास हरकत नसावी.

उलट दिशेचा प्रवास मात्र निर्विवाद आहे. कोल्हापुरास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1940 च्या दशकात जो काशाच्या वस्तूंचा साठा निघाला, त्यात ग्रीकांच्या सागरदेवाची, पोसायडनची, वीतभरही नसलेली मूर्ती होती. सातवाहनांच्या काळी भूमध्यसागराकडून ती व्यापाऱ्यांबरोबर घाट चढून आली. ती कोल्हापूरच्याच टाऊन हॉलमधील संग्रहालयाची आहे. बेळगावहून ते दोन-तीन तासांच्या अंतरावर. पण अंबाबाईचे दर्शन घेऊन परतणाऱ्या आपल्यापैकी किती जणांची पाऊले तिकडे वळतात?

गेलेल्या वस्तू परत येतात काय? क्वचित येतात. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील संग्रहालयाने 1975 मध्ये घेतलेली सिक्लाडीझची एक संगमरवरी मूर्ती व एक पात्र 2014 मध्ये ग्रीसला परत केले. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या लेनर्ड स्टर्न यांच्या संग्रहातील 161 वस्तूंविषयी करार झाला: मालकी ग्रीक राज्याची, पण मांडणी दीर्घकाळ न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. 2024 मध्ये तेथे ती खुली झाली. सरकारच्या मते मालकी मान्य करवून घेणे हाच विजय. अनेक ग्रीक पुरातत्त्वज्ञांच्या मते, ज्यांचे उगमस्थान सांगता येत नाही अशा वस्तूंना याने प्रतिष्ठा मिळाली. मला दुसरे मत अधिक पटते. केरोसचा धडा ज्याने वाचला त्याला ‘कोणाची’ या प्रश्नाआधी ‘कोठली’ हा प्रश्न सुचतो, आणि त्याचे उत्तर कोणत्याही कराराने मिळत नाही.

तुर्कस्तानच्या किनाऱ्यालगत काळिम्नोस नावाचे बेट आहे. समुद्रात बुडी मारून स्पंज काढणाऱ्यांचे म्हणून पूर्वी प्रसिद्ध होते. 1994 मध्ये तेथील एका कोळ्याच्या जाळ्यात मासळीऐवजी काशाची पूर्णाकृती स्त्री आली. अंगाला शिंपले चिकटलेले, झालरीची शाल लपेटलेली, दोन हजार वर्षांहून अधिक काळ समुद्रतळी राहिलेली. ती दलालाकडे गेली नाही. ती सरकारजमा झाली, तिच्यावर शास्त्रीय उपचार झाले आणि 2009 मध्ये काळिम्नोसच्या नव्या वस्तुसंग्रहालयात ती उभी राहिली. त्या बंदरातल्या होड्या आजही त्याच पाण्यात जाळी टाकतात.